रक्त नसलेली जागा

हनुवटी इथं ठेव, फियाख्रा. कपाळ पट्टीला टेकव.
तुझ्या बाहीला मॅकरेलचा वास आहे;
असू दे, किलीबेग्जमधल्या सगळ्याच खुर्च्यांना त्याची सवय आहे.

दिव्याची बारीक चीर मी बुबुळावरून सरकवते
आणि दिसतात
काठावरून आत शिरलेले लाल धागे,
केसाहून बारीक,
जिथं रक्ताला मुळात वाटच नाही.

ही काच जिवंत आहे रे. रक्तावाचून जगते.
उघडी असताना थेट हवेतून श्वास घेते,
मिटल्यावर पापणीच्या आतून, उसना.
तिच्यावर लेन्स ठेवून तू झोपलास.
किती रात्री?

"अठरा," म्हणतो. मग, "एकवीस असतील.
डब्यावर लिहिलंय, सिलिकॉनची आहे, हवा जाऊ देते."

देते. जुन्या पाणीदार लेन्सपेक्षा कितीतरी जास्त.
पण खिडकी मोठी आहे म्हणून
महिनाभर कुणी एकच चादर तोंडावर घेऊन झोपत नाही.

खाली, डावीकडे, एक पांढुरका ठिपका.
रव्याच्या कणाएवढाही नसेल.
त्याला मी अजून नाव देत नाही.
आत्ताच निघ, लेटरकेनीचं हॉस्पिटल गाठ.
बोट सुटेल तुझ्याशिवाय.

तो तळहातावरची लेन्स बघत बसतो,
सुकत चाललेली, कडा आत वळलेली,
खवल्यासारखी.
"चष्म्यावर खारं पाणी उडतं. जाळं दिसत नाही."

मी दोरीचा चष्मा पुढं करते.
बराच वेळ तो नुसती दोरी ओढून बघतो.
"पडला तर तरंगतो का?"