वळणावरची पाटी

त्रेगारोनच्या वर, जिथे रस्ता कोपरात मोडतो,
तिथे कौन्सिलची एक पाटी आहे.
दोन भाषा, सतरा ओळी,
अक्षरं मुंगीच्या पायाएवढी.

इद्वाल रोज पहाटे दुधाचा टँकर घेऊन जातो.
त्या वेगात त्याच्या वाट्याला येतो
एकच शब्द: ‘कृपया’.
मग वळण, मेंढ्यांचं कुंपण,
मग तो हॉर्न देतो, लांबलचक,
आणि खाली गोठ्यापाशी मेरेरिद हात वर करते.
अकरा वर्षं.
घरीही सांगून झालंय त्याचं,
तिथे एक बाई आहे, कधी चुकत नाही.

आज टायर बसला, नेमका पाटीपुढे.
कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन
तो वाचू लागला. कलम, पोटकलम,
एका पुलाबद्दल सूचना; तो पूल केव्हाच वाहून गेला.
चौदाव्या ओळीवरचं शेवाळ त्याने नखाने खरवडलं:
‘मेंढ्यांच्या विणीच्या काळात, मार्च ते मे,
हॉर्न वाजवू नये.’

कान तापले त्याचे. एवढ्या थंडीत.
मग बोटं मोजली:
म्हणजे उरलेले नऊ महिने
तो हात कशासाठी होता?

खाली मेरेरिद उभी, हात अर्धाच वर,
काहीतरी राहून गेल्यासारखी
रस्त्याकडे बघत.

शेवटच्या तीन ओळी त्याने वाचल्याच नाहीत.
टायर बदलला. वळणावर
तळवा हॉर्नपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.
उद्यापासून जून.