नऊ अंश

चांदीची नळी, आत राखाडी भुकटी:
बेरियम, पोटॅशियम, लोखंड, आर्सेनिक.
काचेच्या पेटीत, आर्गॉनच्या मुक्या हवेत
काळ्या हातमोज्यांनी मी ती तीन दिवस खलली.
आर्सेनिक म्हटलं की जिनोआतल्या म्हाताऱ्यांना
उंदीर आठवतात, नाहीतर कुणाची बदनाम काकू.
मला आठवतो फेब्रुवारी,
आणि भट्टीपाशी विसरलेली कॉफी.

आज तार हेलियमात उतरवली.
दोन टोकांतून वीज सोडली,
मधल्या दोन टोकांना कान लावला.
दहा अँपिअर. शून्य.
वीस. शून्य.
सव्वीसला शून्य हललं.
हवे होते हजार.

चुंबकाची साक्ष मात्र वेगळीच.
तो म्हणतो, एकेका कणात वीज गरगर फिरतेय,
दमत नाही, तापत नाही,
घरातल्या घरात श्रीमंत.
शीव ओलांडायची म्हटली की पाय अडतो.
शेजारचा कण नऊ अंशांहून जास्त तिरका बसला
की बोलणं कमी.
त्याहून तिरका, की जवळजवळ बंदच.

रविवारी सूक्ष्मदर्शकातला फोटो घेऊन
नेर्वीच्या वर, बाबांकडे गेले.
बर्तुमे, वय एक्क्याऐंशी,
ऑलिव्हच्या उतारावर अजून बांध रचतात.
चुना नाही, माती नाही.
दगड हातात तीनदा फिरवतात, चौथ्यांदा
त्याचं तोंड सापडतं.
पावाचा चुरा सारून त्यांनी फोटो टेबलावर ठेवला,
चष्मा पुसला.
"गवंडी कोण? घाई केलीय."
काळ्या रेषेवर नख टेकवलं:
"दरजेत हा गारा कसला?"
वितळून उरलेलं लोखंड-आर्सेनिक, म्हटलं.
"काढ तो. आणि ही फट बघ."

मी चिडले. तुमची भिंतही फटींचीच की!
"म्हणून तर उभी आहे. पाणी जाऊ देते.
नाहीतर पोट सुटून कधीच कोसळली असती.
तुझ्या फटीतून जायचंय कुणाला?"

जोड्यांना, म्हटलं. इलेक्ट्रॉन जोडीनं चालतात,
पण त्यांची ढांग फार लहान.
फट तिच्याहून रुंद.

बाबा बराच वेळ गप्प.
मग खिडकीबाहेर हात केला, बागेच्या पायऱ्यांकडे.
"शेवटची दोन वर्षं तुझी आई तशीच चालायची.
पायरी चढवेना.
मी सगळ्या उकरल्या.
सातांच्या अकरा केल्या."

मी त्या पायऱ्या रोज चढत होते तेव्हा.
मोजल्या नव्हत्या.

सोमवारी पुन्हा पेटी, पुन्हा हातमोजे.
भुकटी आणखी बारीक, भट्टी आणखी संथ,
दाब दुप्पट, की कण एकमेकांना टेकावेत.
नीट वळवता येत नाहीत ते, दगडासारखे;
एवढे लाखो, आणि हात दोन.

गुरुवारी रात्री नऊला: एकतीस.
वहीत लिहिलं, खाली रेघ ओढली.
हजार अजून हजारच आहेत.
बाबांना फोन केला तर त्यांनी एवढंच विचारलं,
"गारा काढलास?"