ताजा कलम

फळा पंचायतीचा, अक्षर माझं.
तेवीस वर्षं लिहितोय:
पाणीपट्टी, लसीकरण, हरवलेली म्हैस
(एक शिंग खांडं, कपाळावर चांद),
आणि ज्या साली बायकांनी दारूदुकानावर मतदान घेतलं
त्या साली शेजारी शेजारी दोन बाटल्या काढल्या,
एक उभी, एक आडवी.
आडवी जरा मन लावून काढली. आज कबूल करतो.

यंदा सव्वीस जानेवारीची ग्रामसभा, विषय क्रमांक सात.
संपतरावांनी चिठ्ठी दिली, मी उतरवून घेतली:
आईबापाच्या सहीशिवाय जे लग्न करतील
त्यांना रहिवासी दाखला नाही, नळ नाही,
त्यांना खोली देणाऱ्यास दंड रुपये पाच हजार.
पाच हजाराखाली दोन रेघा ओढायला सांगितल्या.
ओढल्या.

तासगावच्या एस्टीनं कुंभोजकर मॅडम आल्या,
पर्स खांद्यावरच, उन्हात उभ्यानं वाचलं.
म्हणाल्या, भूपालभाऊ, खाली आणखी लिहा.
बारीक नको. वरच्याच मापाचं.

सूचना. हात वर करण्याआधी वाचावे.
हा ठराव सज्ञान माणसाच्या हक्काला बाधा आणू शकतो.
संविधान, कलम एकवीस.
बहुमताने झाला तरी टिकेलच असे नाही.

माझे वडील दवंडी द्यायचे.
एकदा माझ्याच थोरल्या बहिणीविरुद्ध द्यावी लागली,
वेशीपासून माळापर्यंत, सात ठिकाणी थांबून.
ती मिरजेला असते. अजून मिरजेलाच असते.
हलगीला खालची ओळ नसते.

सकाळी झेंड्यापुढं चौथीची पोरं म्हणत होती,
आम्ही भारताचे लोक.
संपतरावांचा नातू मध्येच अडकला,
श्रद्धा व उपासना यांचे, यांचे,
आणि संपतरावांनीच पहिल्या रांगेतून
नुसते ओठ हलवून त्याला शब्द दिला:
स्वातंत्र्य.

अकराला सभा बसली.
फळ्यापुढं गर्दी, वाचणाराच्या मागं न वाचता येणारे.
कलम म्हंजे? कुणीतरी विचारलं.
आमच्याकडं कलम म्हटलं की ब्लेड, पट्टी,
डॉगरीजच्या रानटी खुंटावर सोनाकाची काडी.
नानू चौगुले हसत म्हणाला,
चाळीस वर्षं बांधतोय, कुठल्या खुंटानं
काडीच्या बापाची सही मागितली न्हाई.
हशा झाला. संपतराव हसले नाहीत.
म्हणाले, ही ओळ पुसा. मत गावाचं हाय.
गावाच्या वर कोण?

मॅडम म्हणाल्या, मी तुम्हाला नाही म्हणत नाही.
वाचा म्हणतेय.

तेव्हा बाटलीवाल्या मतदानातली अक्काताई खोत
भिंतीचा आधार घेत उठली.
बाटलीचं मत घेतलं आपण, म्हणाली.
ती उभी की आडवी, गावानं ठरवलं.
पोरगी उभी ऱ्हाईल का आडवी,
ह्याचं बी मत घ्यायचं व्हय?
एवढं बोलून दमली, बसली. पाणी मागितलं.

मोजणीही माझ्याकडंच.
काही हात सरळ गेले.
काही निम्म्यावर पोचून टोपी नीट करायला लागले,
एकानं कान खाजवला, एकीनं पदर.
निम्मे हात कसे मोजायचे
याचा शासन निर्णय अजून आलेला नाही.
मी मोजले नाहीत.

ठराव अकरा हातांनी झाला.
मॅडमनी इतिवृत्तात तो लिहिला
आणि त्याच्याखाली फळ्यावरची सूचना, जशीच्या तशी,
मग वरती पाठवायचा लखोटा माझ्याकडं दिला.

संध्याकाळी फळा ओल्या फडक्यानं पुसला.
रविवारी पोलिओ, अंगणवाडी, सकाळी आठ.
ओलं असेतो काळंभोर दिसतं.
वाळलं तसं पोलिओच्या मागून
हळूहळू वर आलं, सूचना, हात वर, सज्ञान.
खडूचं असंच असतं. परत पुसायला पाहिजे होतं.

रात्री चावडीला कडी घालायला गेलो
तर दोघं जण मोबाईलच्या उजेडात
फळ्याचा फोटो काढत होती.
तिच्या हातात पिशवी होती, त्याच्या पायात एकच चप्पल.
मी कोपऱ्यावरच थांबलो.
खोकलो नाही.