आठाचे सहा

पितृपक्षात बँडवाल्याला कुत्रं विचारत नाही.
दुकानाचं शटर अर्धं, आत ढोलावर मांजर झोपलेली,
अन् गजभिये मॅडम वाकून आत आल्या :
"मेडिकलला, पोरांच्या वॉर्डात याल का मास्तर?
दर मंगळवारी. पैसे नाहीत. चहा आहे."
मला वाटलं, कुणाचा वाढदिवस असेल.

तेवीस वर्षं क्लॅरोनेट फुंकली मी,
घोड्याच्या पुढं, जनरेटरच्या धुरात,
सक्करदऱ्यापासून पार कळमन्यापर्यंत.
हळू वाजवायची सवयच नाही.
हळू वाजवलं तर नवरदेवाचा मामा पैसे कापतो.

खोब्रागडे सिस्टरनं दारातच अडवलं :
"फुंकायचं नाही इथं. छातीनं कच्ची आहेत ही पोरं.
तुमचा श्वास तुमच्याजवळ ठेवा."
मास्क दिला. तळहातावर ते गार औषध ओतलं.
आता सांगा,
क्लॅरोनेटवाल्याचा श्वास काढून घेतला तर उरतं काय?
एक काळी नळी,
अन् मुलामा उडालेल्या चाव्या.

खाट नंबर अकरा. मैनी.
भामरागडच्याही पुढची, नदीपल्याडची.
सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात,
गुडघ्यात, कमरेत अडकून बसतात,
हे मला नंतर कळलं.
तेव्हा दिसलं एवढंच की पोरगी भिंतीकडं तोंड करून
दात आवळून पडली आहे
अन् रडून नाही राहिली.
रडणारं मूल बरं.

सिस्टरनं चेहऱ्यांचा तक्ता पुढं केला :
हसरा शून्य, रडका दहा.
मैनीनं नीट न बघताच बोट ठेवलं.
आठ.

मी स्टुलावर बसून नुसत्याच चाव्या दाबू लागलो.
हवा नाही, सूर नाही.
टक, टकटक, टक.
वरातीतलंच एक नेहमीचं, मुक्यानं.
बाजूच्या खाटेवरचा टकलू म्हणाला,
"काका, खराब झाली का तुमची?"
"हो ना बे," म्हटलं,
"आवाज दुसऱ्यालाच काढावा लागते हिचा."

बराच वेळ काही नाही.
सलाइनचा थेंब. कुणाच्या तरी मायनं डबा उघडला, वांग्याचा वास.
मग भिंतीकडून
माशी गुणगुणावी एवढं बारीक काहीतरी आलं.
माझं गाणं नव्हतं ते.
तिच्या भाषेतलं 'ये' अन् 'जा'सुद्धा मला येत नाही,
पण सूर कुठं वळून राहिला, बोटांना कळते.
ती गेली तसा मी गेलो.
चुकलो.
तिनं मान वळवली,
खाटेच्या लोखंडावर नखानं ठोकून दाखवलं :
असं नाही. असं.
तेवीस वर्षांत कुणी असं पकडलं नव्हतं मला.

सिस्टर परत आली तक्ता घेऊन.
ह्या खेपेला मैनी बघत राहिली,
चेहऱ्यांवरून बोट फिरवलं, मागं नेलं, पुढं आणलं.
सहा.

दुखणं गेलं नाही. तसं कुणी म्हणू नये.
साडेपाचला इंजेक्शन लागलंच.
कागदावर लिहिलं : आठ. त्याच्या खाली : सहा.
मधल्या दोनाचं काय झालं
ते लिहायला रकाना नव्हता.

मैनी दसऱ्याआधी घरी गेली,
एसट्या बदलत, मांडीवर गोळ्यांची पिशवी.
परत येईल. हा आजार परत आणतोच.

तुळशीचं लग्न झालं, सीझन लागला.
काल मानेवाड्यात वरात होती.
ऐन नाचात बोटं वळली भलतीकडंच,
लोखंडावर ठोकलं होतं तशी.
ढोलवाला ओरडला, "काय वाजवून राहिला बे पराते?"
काय सांगू त्याला?
मामानं हात वर केला : जोरात, अजून जोरात!
वाजवलं जोरात.

मंगळवारची सुपारी मात्र घेत नाही.
अकरा नंबरवर सध्या एक चार वर्षांचा आहे.
तो अजून भिंतीकडंच बघते.