चार हजार आठ जण

स्पर्धा संपली. दोऱ्या गुंडाळल्या, झेंडे ट्रकमध्ये गेले.
शाळेच्या व्यायामशाळेत माझं टेबल, माझा लॅपटॉप,
आणि वोरूच्या बेकरीतला तानेल,
बेचाळीस किलोमीटर बर्फ तुडवून शंभरावा आलेला.
शंभराव्याला इथे पितळी घंटा मिळते, ओताऱ्याकडची.
ती गळ्यात घालून तो बटाट्याच्या सूपच्या रांगेतही
उगाच पुढे-मागे होतोय, वाजावी म्हणून.

तेवढ्यात लाइने आली, मिशीवर बर्फ असावं
तशी ओठावर साय गोठलेली.
अंतिम रेषेवर ती वहीत नंबर लिहिते.
पेन्सिलीने. शाई गोठते.
म्हणाली, ही एक राहिली.
हेल्यू, पेइप्सी तळ्याकाठची टपालवाली.
घोट्यावरची चिप जंगलात कुठेतरी तुटून पडली,
तुझ्या यंत्राला ती दिसलीच नाही.
मला दिसली.

यादीत चार हजार त्र्याण्णव नावं, वेळेच्या चढत्या क्रमाने.
मी थेट मधोमध जाते आणि विचारते:
हेल्यू ह्याच्या वर की खाली?
वर.
खालची अर्धी यादी सोडून दिली.
दोन हजार माणसं, एकाचंही तोंड न बघता.
उरलेल्याच्या मधोमध. वर.
पाच वेळा वर, सहाव्यांदा खाली,
मग वर, खाली, वर, खाली, वर,
भाडं ठरवताना दोघं जवळ जवळ येतात तसं.
बारावा प्रश्न, आणि समोर तीच वेळ:
दोन तास अकरा मिनिटं,
सेकंदाचा दहावा भागसुद्धा तोच.
बरोबरी झाली तर काय, ते मी सकाळीच ठरवलं होतं,
कोणाचाच चेहरा माहीत नव्हता तेव्हा:
आधीचा जागेवर राहील,
नंतर आलेली त्याच्या मागे.

झालं? युरीने विचारलं. एवढ्यात?
युरी माझा विद्यार्थी. त्याला वाटतं शोधलं की संपलं.
सापडली ती फक्त फट, म्हटलं.
फटीत माणूस बसत नाही.

चार हजार आठ जणांना एकेक पाऊल मागे.
आणि हे शेवटून करावं लागतं,
नाहीतर पुढचा मागच्याच्या अंगावर जातो
आणि मागचा पुसला जातो.
म्हणून सगळ्यात आधी सरकले आर्वेद,
वय अठ्ठ्याहत्तर, डोक्याला बॅटरी बांधून पोचलेले.
त्यांच्याच मागे तेवढी मोकळी जागा होती.
त्यांना काय, शेवटचे ते शेवटचेच.
त्यांच्या जागी त्यांच्या पुढचा,
त्याच्या जागी त्याच्या पुढचा,
सरकून घ्या, सरकून घ्या,
पार वर, हेल्यूपर्यंत.

पडद्यावर शंभरावी आता सिग्ने.
ती तार्तूच्या बसमध्ये झोपली असेल,
तिला माहीतही नाही.

तानेल माझ्या खांद्यामागे उभा.
पुन्हा शोध, म्हणाला.
शोधलं. तेच बारा प्रश्न, तीच जागा.
यादीच चुकली असेल, म्हणाला.

हे मला टाळता येईना.
मागच्या वर्षी कोणीतरी घाईत एक नाव
तळाशी चिकटवून घरी गेलं होतं.
मग यंत्राला विचारलं, हा धावला का?
यंत्र नीट अर्धं-अर्धं करत गेलं
आणि ठामपणे म्हणालं, असा माणूसच नाही.
तो माणूस समोर ओल्या मोज्यांनी उभा होता.
क्रम बिघडलेला असला की
हे शोधणं खोटं बोलतं, तेही न अडखळता.

म्हणून तपासलं. इथे अर्धं सोडता येत नाही.
पहिल्यापासून, प्रत्येकाची वेळ
त्याच्या पुढच्याच्या वेळेशी लावून.
तानेलने खुर्ची ओढली.
पंच्याऐंशी. शहाऐंशी, हेल्यू.
शंभर.
एकशे एक, म्हटलं, आणि त्याच्याकडे बघितलं नाही.
घंटा वाजली नाही.
लोलक त्याने मुठीत धरला होता.

तीनशेच्या पुढे मी म्हटलं, जा, सूप थंड होईल.
नको, म्हणाला. वाच.