ओळख पटली

वाळपईत मार्चमध्ये वर्गाच्या खिडक्या उघडल्या
की काजूबोंडांचा आंबूस वास आत येतो.
पेपर रसायनशास्त्राचा असला तरी
मुलांना कुणाची तरी भट्टी आठवते.

माझी ड्यूटी गेटवर. यादी, लाल पेन,
आणि खेळाच्या सामानाच्या खोलीची किल्ली,
कारण चेहरा झाकून येणाऱ्या मुली दोन
आणि त्यांचे चेहरे बघायला बाई एक. मी.

स्टाफरूममध्ये कालपासून एक कागद फिरतो आहे.
‘संस्थेच्या आवारात चेहरा झाकणारे कोणतेही वस्त्र...’
पुढचं वाक्य फळदेसाई सरांनी तीनदा बदललं.
‘कोणतेही’ मात्र त्यांना फार आवडलं,
त्यात कुणाचंच नाव येत नाही.
एक म्हणाले, हे त्यांच्याच भल्यासाठी.
एक म्हणाली, घरचे बळजबरी करतात, आपणच सोडवायला हवं.
सोडवून मग कुठे न्यायचं,
तोवर चहा थंड झाला होता.
एर्मेलिंदा टीचर म्हणाल्या, माझ्या आजीची वोल
अजून पेटीत आहे, डांबराच्या गोळ्या घालून.
इगर्जीत जाताना डोक्यावरून ओढायची.
कुणी घालायला लावली, ठाऊक नाही. कुणी काढायला लावली, तेही नाही.
सगळे हसले. कशाला, कळलं नाही.

सह्या अकरा. बारावी रेघ माझी.

नुजहत बेपारी. खोलीत कॅरमचे बोर्ड,
हवा गेलेले फुटबॉल, चुन्याची अर्धी गोणी.
तिनं नकाब वर केला,
दुधावरचं झाकण उचलावं तसा, सवयीनं.
फोटोत चौदा वर्षांची, समोर सतरा.
उजव्या भुवईत कांजण्यांचा खड्डा तोच.

घरून सांगतात का गं, मी विचारलं.
नियमावलीत हा प्रश्न नाही.

‘आई घालत नाही, मॅडम.
सुकी मासळी विकते ती. तोंड झाकून भाव कसा करू, म्हणते.
माझ्यावर चिडते. दोन वर्षं भांडतोय आम्ही.
तुमचा कागद आला तर ती जिंकेल.
पण तिला असं जिंकायचं नाहीये.’

कागदाचं हिला कुणी सांगितलं?
छोटं गाव. भिंतीसुद्धा शिपायाच्या नात्यातल्या.

‘आणि सनोबर?’
‘तिचं वेगळं आहे,’ ती हळू बोलली.
‘तिलाच विचारा. दार लावून विचारा.’

माझ्या ओठांच्या कडेनं कोड आहे,
हनुवटीवरून उतरत गळ्याकडे निघालेलं.
मास्कची ती दोन वर्षं
बाजारात कुणी माझ्याशी बोलताना
आवाज मऊ केला नाही.
भेंडीवाल्यानं भेंडी दिली, सुटे पैसे मागितले, बस.
मास्क उतरले तेव्हा सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला.
मी पावडरचा डबा घेतला.

हे तिच्यासारखं नाही, मला कळतं.
मला कुठल्या देवानं सांगितलं नव्हतं,
कुठल्या सरकारानं विचारलं नव्हतं.
पण बघणं म्हणजे काय ते मला थोडं ठाऊक आहे.
फळदेसाई सरांना नाही. ते बघतात फक्त.

नकाब खाली घेता घेता ती थांबली.
इतका वेळ मी तिला निरखत होते,
तीही मला निरखते आहे हे लक्षातच आलं नव्हतं.
‘मॅडम, डाव्या बाजूला जरा कमी लागलीय.’
मी रुमाल शोधला. आरसा तिनंच दिला,
कंपासपेटीतला, टिकलीएवढा.

रजिस्टरमध्ये लिहिलं: ओळख पटली.
वेळ नऊ पंचेचाळीस. सही.
कागदावरची रेघ अजून तशीच आहे,
सर दुपारी विचारतील, आणि मी काय म्हणेन
ते मला आत्ता ठाऊक नाही.

सनोबर बाहेर भिंतीला टेकून उभी होती,
हॉलतिकीट छातीशी धरून.
तिला आत घेतलं.
दार लावलं.