पान बारा

हॉकी यंदा पाच दिवसांत गुंडाळली,
एरवी पंधरा दिवस नांदेड जागं.
टपरीवर मी दोनशे पानी वही आणून ठेवलेली:
भाव, नावं, कुणाचे किती.
अकराव्या पानावरच फायनल.

'साखळी सामनेच नाहीत, तर
कोणती टीम तापलीय, कळावं कसं?'
हरपालसिंगांनी लावलेच नाहीत.
पोरं मोबाईलवरल्या क्रिकेटकडं गेली,
तिथं रोज कुठंतरी टॉस असतोच.

सहाव्या संध्याकाळी पाय सवयीनं मैदानाकडं.
जाळ्या काढलेल्या.
पायरीवर हाफिजभाई एकटेच, शेंगा सोलत.
समोर दोन लेकरं, एक बॉल.
'दहा रुपये. उलटी काठी धरलेल्यावर.'

मी तारीख टाकली.
नाव?
त्यांनाही माहीत नव्हतं.